सोवनींची खाऱ्या पाण्याची हौस

अधारतालच्या मेन रोडवरून आत वळून चिंतामणी सोवनींचं घर विचारलं, तर लोक आधी जरा थबकत आणि मग म्हणत, "अच्छा, मछली वाले सोवनी जी?" एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या नव्या माणसानं दारातच विचारलं होतं, रोहू क्या भाव दी? सोवनींच्या पत्नी वसुधाबाई तेव्हापासून ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायच्या.

"सात पिढ्यांत या घरात कोणी मासळी खाल्ली नाही, आणि गॅसवाला रोहूचा भाव विचारून गेला. ही यांची कमाई."

सोवनी नुसते हसत. बाहेरच्या खोलीत, जिथं बाकीच्यांच्या घरी टीव्ही असतो तिथं, त्यांचा टँक होता. चांगला चार फूट लांब. त्यात निळसर उजेड, खडबडीत दगड, आणि मधल्या दगडावर बसलेलं एक ॲनिमोन. सोवनी त्याला समुद्रफूल म्हणत. ते फूल नव्हतं, जिवंत प्राणी होता. पण शेकडो गुलाबी बोटं पाण्यात हलू लागली की फूल म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. त्या बोटांच्या आत-बाहेर पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे खेळत. शिवाय तांबड्या पाठीची एक कोळंबी आणि काचेवरून सावकाश फिरणाऱ्या गोगलगाई. जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघालं, तरी समुद्र दिसायला एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. सोवनींच्या घरी मात्र चपला काढल्या की समोर समुद्रच.

सोवनींचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत चाकरीसाठी नर्मदेकाठी आले आणि इथलेच झाले. सोवनी स्वतः सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला होते. कालवे, बंधारे, पाटाच्या शाखा, हे सगळं निळ्या शाईनं. मोजकं बोलणारा, वेळेवर घरी येणारा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. अशा माणसाला समुद्राचं वेड लागावं हे कचेरीत कुणालाच पटत नसे. पण चिन्मयी, त्यांची एकुलती एक मुलगी, तिसरीत असताना कचेरीच्या एलटीसी सवलतीवर सगळे मालवणला गेले होते. ओहोटीची वेळ होती. खडकातल्या एका डबक्यात सोवनींनी सहज बोट बुडवलं, आणि तळाशी बसलेल्या कशानं तरी ते हलकेच धरलं. टोचलं नाही, दुखलं नाही. तान्हं बाळ झोपेत बोट धरतं तसं. वर रस्त्यावर गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि वसुधाबाई हाका मारत होत्या, "अहो, चला नं, काहून बसून राहिले तिथं?" सोवनींनी बोट सोडवून घेतलं. परतीच्या वाटेवर ते त्या बोटाकडेच बघत राहिले.

पुढे कित्येक वर्षांनी अधारतालमध्येच आलोक नावाच्या एका तरुणानं रंगीत माशांचं दुकान काढलं. मुंबईहून थर्मोकोलच्या पेटीतून खाऱ्या पाण्यातले जीव मागवता येतात, असं त्याच्याकडून कळलं, आणि सोवनींनी हौस सुरू केली.

सुरुवातीला ती पगारात बसायची. या हौसेला घरातलं मीठ चालत नाही. समुद्राचं म्हणून वेगळं मीठ बादलीतून येतं, तेही परदेशातून. मग खास दिवे, पंप, आणि पाणी गार ठेवायला चिलर, कारण मे महिन्यात जबलपूर तव्यासारखं तापतं आणि समुद्रफुलाला ती धग सोसत नाही. हळूहळू मिठाची बादली दुपटीवर गेली, मग तिपटीच्या जवळ. दिव्यांचं तेच. विजेचं तर विचारूच नका. "सोवनी जी, बाल्टी फिर बढ़ गई," असं आलोक म्हणायचा तेव्हा खाली बघून म्हणायचा, जणू कुणी गेल्याची बातमी देतोय.

सोवनी दुकानातच नखानं किमतीचं स्टिकर खरवडून काढत. घरी आल्यावर वसुधाबाईंनी विचारलं की निम्मा भाव सांगत. पुढे पुढे तिसरा हिस्सा. महागाई जसजशी चढत गेली, तसतसा सोवनींनी सांगितलेला भाव उतरत गेला. वसुधाबाई भंडाऱ्याच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना काय कळत नव्हतं?

"स्वस्ताई फक्त तुमच्या समुद्रात आली वाटते," त्या म्हणायच्या. "आलोकला म्हणा, तूरडाळ पण ठेव दुकानात."

किंवा विजेचं बिल आलं की, "या घरात सगळ्यात लाडाचं माणूस कोण, तर ते. त्याला गारवा, आणि आम्ही पंख्याखाली. चलो, पुढच्या जन्मी मी पण दगडावर चिकटून बसीन."

या टोमण्यांत विष नव्हतं. पण सोवनींनी त्यावर एकच उपाय केला: टँकविषयी बोलणंच बंद केलं. हे काय आहे, ते कशाला, यात काय घालता, असं कुणी विचारलं की ते अर्धवट हुं म्हणून विषय टाळत, कारण प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक किंमत उभी असायची. त्या टँकला काय मानवतं आणि काय मारतं, हे त्या घरात एकट्या सोवनींना माहीत राहिलं. भाव लपवता लपवता त्यांनी सगळा समुद्रच घरच्यांपासून लपवून ठेवला होता. हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

निवृत्तीनंतर पेन्शनवर हे सगळं ओढताना दम लागू लागला. त्यातच चिलर बंद पडला. नवा घेणं शक्य नव्हतं, म्हणून सोवनींनी पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. पंख्यानं पाणी गार राहतं, पण वाफ होऊन भराभर आटतं. आटलं की खारटपणा वाढतो, म्हणून रोज वरून शुद्ध गोडं पाणी घालावं लागतं. त्यासाठी मोरीत एक आरओचं यंत्र होतं. त्याची जाळी जुनी झालेली. तीन-चार बादल्या पाणी फेकावं तेव्हा एक बादली शुद्ध मिळायची, तीसुद्धा थेंबाथेंबानं. आज ना उद्या जाळी बदलू, असं म्हणत सोवनी दिवस काढत होते.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पाण्यात हात घालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि टँकचं काम म्हणजे वाकणं, उचलणं आणि पाण्यात हात घालणं. दुसरं त्यात काही नाही.

"आता कोण करणार मग तुमच्या लाडक्यांचं?" वसुधाबाईंनी विचारलं.

"आलोकला सांगतो. येऊन जाईल रोज."

"फुकटात येणार आहे का तो?"

सोवनी उशी सारखी करू लागले.

"सांगा मला काय करायचं ते. मी करते."

सोवनींनी काळ्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. काचेवर बाहेरून एक लाल रेघ ओढलेली होती. ती दाखवून ते म्हणाले, "पाणी या रेघेखाली उतरलं की गोडं पाणी घालायचं. मिठाचं नाही. वाफ पाण्याची होते, मीठ मागंच राहतं."

"हे काय सांगता जी? सार आटलं की खारट होते, एवढं तर मला कळते."

इतक्या वर्षांत जे समजावून सांगायला सोवनी धजले नव्हते, ते वसुधाबाईंनी एका वाक्यात चुलीवर ठेवून दाखवलं. सोवनींना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी मोकळं असं.

त्यानंतरचे काही आठवडे, पुढे कधीही आठवले तरी, सोवनींना त्यांच्या संसारातले फार चांगले दिवस वाटत आले. दुपारी जेवणं उरकली की वसुधाबाई टँकपुढं स्टूल टाकून बसत. सोवनी मागं दिवाणावर, डोळ्यांत थेंब घालून, निजल्यासारखे. काचेवर बांगडी वाजली की समजावं, वसुधाबाईंना काहीतरी नवं दिसलं.

"अहो, या दोघांत मोठा तो नवरा नं?"

"नाही. मोठी ती बायको. लहान तो नवरा. तो तिच्या मागं मागं असतो, ती सांगेल तसं."

"अच्छा! म्हणजे समुद्रात पण आपल्यासारखंच चालून राहिलं."

मोठीचं नाव त्यांनी वहिनी ठेवलं. लहानग्याला नाव नव्हतं. तो नुसता वहिनींचा नवरा. वहिनी आज रुसल्या, वहिनींनी नवऱ्याला फुलाबाहेर हाकललं, असल्या बातम्या चिन्मयीला फोनवर बंगलोरला कळू लागल्या. "बाबा, मम्मी को क्या हो गया?" चिन्मयी हसत विचारायची. "पहले तो टँकला शिव्या देती थी." सोवनी डोळे मिटून ऐकत पडून राहायचे. इतकी वर्षं ही बाई दोन हातांच्या अंतरावर स्वयंपाकघरात होती, आणि आपण हे सगळं एकट्यानं बघत बसलो, असं त्यांना वाटायचं. ते वाटणं कडू होतं आणि गोडही.

मग एके सकाळी कोळंबी दगडाखाली उताणी पडलेली दिसली. ऊन फार आहे, सोवनी म्हणाले. पाठोपाठ काचेवरच्या गोगलगाई एकेक करून खाली गळून पडल्या. मासे ठणठणीत होते. पण समुद्रफूल आक्रसू लागलं. ज्या बोटांचा पसारा ओंजळीत मावत नसे ती आखडून मुठीएवढी झाली, गुलाबी रंग विटून मळकट झाला. वहिनी त्यात शिरू बघायच्या आणि ते फूल त्यांना आत घेईना.

"काय झालं हो त्याला?" वसुधाबाईंचा आवाज घाबरा झाला होता.

"बघतो," सोवनी म्हणाले.

त्यांनी पंखे वाढवले, फ्रिजमध्ये बाटल्या गोठवून पाण्यात सोडल्या, आरओची जाळी उधारीवर बदलून घेतली. काही फरक पडेना. शेवटी बाटलीत टँकचं पाणी भरून रिक्षानं आलोकच्या दुकानात गेले. आलोकच्या दुकानात आता मुख्यतः कुत्र्यांचं खाणं आणि पोपटांचे पिंजरे होते. खाऱ्या पाण्याचं एक फडताळ तेवढं कोपऱ्यात उरलं होतं.

"मछली ठीक है, और झींगा, घोंघा, फूल सब जा रहा है?" आलोकनं विचारलं. "सोवनी जी, ताँबा तो नहीं चला गया कहीं से?"

हे सोवनींना ठाऊक होतं. माशांवरच्या एका रोगाला तांब्याचंच औषध देतात. पण तांब्याचा अंश माशांना सोसतो, फुलाला आणि कोळंबीला जहर होतो. म्हणून ते औषध त्यांनी कधी टँकच्या जवळपाससुद्धा आणलं नव्हतं. "शक्यच नाही," ते म्हणाले.

आलोकनं बाटलीतलं पाणी छोट्या नळीत घेतलं आणि वरून दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं. फिकट नाही, चांगलं स्वच्छ निळं, नकाशावरच्या कालव्यासारखं.

घरी येताना सोवनी मनातल्या मनात टँकचा कोपरान् कोपरा तपासत होते. पंपाचा स्क्रू, दिव्याची तार, कुणी गमतीनं टाकलेलं नाणं. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून ते आत आले.

वसुधाबाई स्टुलावर उभ्या होत्या. शेजारच्या उंच टेबलावर देवघरातला तांब्याचा हंडा ठेवलेला. त्यांनी तांब्या बुडवून भरला आणि फुलाच्या बरोबर वर नेऊन, पुटपुटत, धार धरून पाण्यात सोडला. "नर्मदे हर."

मागं वळल्या तेव्हा लहान मुलीची चोरी पकडली जावी तशा लाजल्या. मग हसल्या.

"आले का इतक्या लवकर? सांगणारच होते तुम्हाला. रागवू नका. तुमचं ते मशीन बादल्याच्या बादल्या मोरीत ओतून एक बादली देते, मला पाहवत नव्हतं. आणि त्या जाळीचा भाव आलोक फोनवर सांगत होता, तो मी ऐकला. म्हटलं, शुद्धच पाणी पाहिजे नं? मग नर्मदामैयाच्या पाण्यापेक्षा शुद्ध काय आहे जगात? आपला दूधवाला भैया तिलवारा घाटाकडूनच येतो. त्याला म्हटलं, दुधात घालतोस ते वेगळं, मला एक कॅन निराळा भरून आणत जा."

सोवनींनी हातातली पाण्याची बाटली पाठीमागं धरली.

"अक्षय्य तृतीयेपासून घालून राहिली. प्लास्टिकमध्ये नाही ठेवलं बरं का. मैयाचं पाणी प्लास्टिकमध्ये ठेवत नसतात. आईनं लग्नात दिलेला हंडा आहे, त्यात रात्रभर ठेवते आणि सकाळी-दुपारी, तुम्ही थेंब घालून पडलेले असता तेव्हा, घालते." वसुधाबाईंनी काचेतून आत पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला. "फूल आजारी पडलं तेव्हापासून दोन तांबे जास्तच घालते. बरं वाटेल त्याला."

एवढा मोठा हंडा, चिंच-मिठानं घासून लख्ख केलेला. रोज रात्रभर त्यात राहिलेलं पाणी. सोवनींच्या तोंडाशी वाक्य तयार होतं: वसुधा, तांबं त्याला विष आहे. चार-पाच शब्दांचं काम. त्याऐवजी त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घाम आलेला, पदर खोचलेला, कपाळावर कुंकू जरासं फिस्कटलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई त्यांच्या समुद्रासाठी काहीतरी करत होती, आणि स्वतःजवळचं सगळ्यात पवित्र होतं तेच आणून घालत होती.

"छान केलंस," सोवनी म्हणाले.

एवढं बोलून झाल्यावर परत फिरायला वाट उरली नाही.

"उद्यापासून मीच करीन," ते थोड्या वेळानं म्हणाले. "डॉक्टर हो म्हणाले."

"डॉक्टरकडे कधी गेले तुम्ही?"

"फोन केला."

वसुधाबाई स्टुलावरून उतरल्या. हंडा पदरानं पुसला. "माझ्या हातचं आवडलं नाही का?"

"तसं नाही गं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि हंडा उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल स्वयंपाकघरात होतं.

सोवनींनी जे करता येईल ते केलं. शेवटची मिठाची बादली फोडून अर्धं पाणी बदललं. आलोकनं कुरिअरनं मागवलेल्या, तांबं शोषणाऱ्या गाद्या पंपात घातल्या. डोळ्याला ताण नको असताना वाकून वाकून डोळा लाल करून घेतला. पण फुलाची दगडावरची पकड सुटली, आणि ते पंपाच्या प्रवाहाबरोबर काचेला धडकत फिरू लागलं, तेव्हा त्यांनी पंप बंद केला. वसुधाबाई न्हाणीघरात असताना त्यांनी ते चाळणीत काढून घेतलं. हाताला लागलं ते बुळबुळीत आणि थंड होतं. त्यानं बोट धरलं नाही.

"उन्हानं गेलं," त्यांनी वसुधाबाईंना सांगितलं.

वसुधाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "दुसरं आणा."

दुसरं आणता आलं असतं का? सोवनींनी आलोकला विचारलं होतं. "पत्थर ने पी लिया है, सोवनी जी," आलोक म्हणाला होता. "रेती ने भी. अब महीनों थोड़ा-थोड़ा छोड़ेगा. फूल रखना है तो सब नया डालो." त्यानं सांगितलेला आकडा दोन-तीन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. हौस सुरू केली तेव्हा तेच दगड त्यांनी दिवाळीच्या बोनसमध्ये घेतले होते आणि वर चिन्मयीसाठी सायकल आणली होती. नुसते मासे ठेवले असते तर ते जगले असते. पण त्यांनाही मीठ लागणारच होतं, वीज लागणार होती. शिवाय रोज त्या उघड्या दगडाकडे बघत वसुधाबाईंनी विचारलं असतं, कसं हो गेलं, आणि एक दिवस सोवनींच्या तोंडून खरं निघून गेलं असतं.

"बंद करू आता," एका संध्याकाळी ते म्हणाले.

वसुधाबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला. "काहून?"

"परवडत नाही."

"माझी भिशी लागली आहे या महिन्यात. ती घ्या."

"नको."

"मी बोलते म्हणून नको म्हणता का? नाही बोलणार आता. सवय आहे मला बोलायची, तुम्ही मनावर काहून घेता?"

"तसं नाही वसुधा. खरंच परवडत नाही." आणि मग, तिला पटावं म्हणून, सोवनींनी भाव सांगितले. खरे. मिठाच्या बादलीचा, दिव्यांचा, जळून गेलेल्या चिलरचा, मुंबईहून येणाऱ्या पेटीच्या भाड्याचा. सुरुवातीला काय होता आणि आता काय झाला तो. एक गोष्ट लपवण्यासाठी त्यांनी इतक्या वर्षांचं लपवलेलं सगळं सांगून टाकलं. बोलताना आवाज स्थिर राहिला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

वसुधाबाई ऐकत होत्या. मध्ये एकही टोमणा मारला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला भ्यायचे तुम्ही. म्हणून खोटे भाव सांगायचे."

सोवनींनी मान हलवली. ते तर खरंच होतं.

आलोक मासे न्यायला आला तेव्हा वसुधाबाई दारापर्यंत गेल्या. शहरातल्या कुणा डॉक्टरीणबाईंनी नवा टँक केला होता, तिथं ते जाणार होते. फुगवलेल्या पिशवीत दोन्ही मासे एकमेकांना बिलगून होते.

"भैया, वहाँ बिजली तो नहीं जाती?"

"जनरेटर है, आंटी."

"और एसी?"

"सेंट्रल है."

"मग ठीक आहे," वसुधाबाई मराठीतच म्हणाल्या. माशांच्या खाण्याची डबी त्यांनी आलोकच्या हातात दिली. "वहिनींना आधी घालायचं. नाही तर त्या नवऱ्याला मारतात."

आलोकला मराठी फारशी कळत नसे. त्यानं मान हलवली.

दगड महापालिकेच्या गाडीत गेले. रिकामा टँक एका शाळेनं नेला. भिंतीवर जिथं तो होता तिथं फिकट चौकोन उरला, त्यावर वसुधाबाईंनी दिनदर्शिका टांगली, पण ती लहान पडली.

चिन्मयी दिवाळीला आली ती बॅग दारातच ठेवून थांबली. "अरे! टँक कहाँ गया? बाबा? मला बताया भी नहीं कुणी!"

"दिला," सोवनी म्हणाले.

"दिला म्हणजे? इतके साल का टँक? मम्मी, तू बोली होगी कुछ. बिजली का बिल, ये वो. हो ना?"

ती थट्टेत म्हणाली होती. पण वसुधाबाई फराळाचं ताट घेऊन आत येत होत्या, त्या तिथंच थबकल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच बंद केला त्यांनी. मी जन्मभर खर्चावरून बोलत राहिले. यांनी सगळं मनात ठेवलं. मी थोडं कमी बोलले असते नं, तर चाललं असतं अजून काही वर्षं." त्यांनी ताट टीपॉयवर ठेवलं आणि चकल्या नीट रचू लागल्या, ज्या आधीच नीट रचलेल्या होत्या. "फूल गेलं तर काय, दुसरं आणलं असतं. पण माणसाचं मन उडालं की उडालं."

"तुझ्यामुळे नाही," सोवनी म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मग कशामुळे?" वसुधाबाईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. उन्हाळ्यापासून त्यांना हेच विचारायचं होतं, हे सोवनींना त्या क्षणी दिसलं. एवढे महिने त्या स्वतःचीच उलटतपासणी घेत होत्या, आणि स्वतःकडेच बोट दाखवणारी साक्ष सोडून दुसरी साक्ष त्यांना सापडली नव्हती.

सांगता आलं असतं. आता तर सहज. चिन्मयी समोर होती, सणाचा दिवस होता. बाई रडली असती, मग हसलीही असती कदाचित. किंवा देवघरातल्या त्या हंड्याकडे तिनं पुन्हा कधी पाहिलं नसतं. तिच्या आईचा, मैयाचा, सगळ्याचाच तिच्यासाठी चुरा झाला असता. सोवनींनी दोन्ही बाजू मनात धरून पाहिल्या. कुठलीच हलकी नव्हती.

"कंटाळा आला होता मला," ते म्हणाले.

"बस, इतना ही?" चिन्मयी म्हणाली आणि चकली मोडून खाऊ लागली. "मैं तो डर गई थी."

वसुधाबाई मात्र नवऱ्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसानं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, एका डोळ्यावर पट्टी असताना, काचेला नाक लावून आपले मासे मोजले होते, त्याला कंटाळा. त्यांचे डोळे भरून आले, आणि तरी त्या हसल्या.

"पाहा गं," त्या मुलीला म्हणाल्या, "मला वाईट वाटू नये म्हणून अजून खोटं बोलून राहिले."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. म्हणूनच सोवनींना ते खोडून काढता येईना.